व्हॅम्पायर लघुपटात गर्दीतला एक होताना: दात, रक्त, अंधार आणि दर टेकला तेच

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजचा एक ग्रुप पंधरा-वीस मिनिटांचा व्हॅम्पायर लघुपट करतोय. जुन्या वाड्यात दोन रात्रींचं शूटिंग आहे. अभिनयाचा अनुभव नाही, बहुतेक वेळ गर्दीत उभं राहायचंय आणि एका प्रसंगात मानेवर चावा खाऊन मरायचंय. तयारी काय करायची आणि जपायचं कशाला?

गर्दीतल्या माणसाकडून दिग्दर्शकाला अभिनयापेक्षा पुनरावृत्ती जास्त हवी असते. तोच प्रसंग आधी मास्टरमध्ये (सगळा प्रसंग लांबून) घेतात, मग सजेशनमध्ये (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा), मग क्लोजमध्ये (फक्त चेहरा जवळून), आणि दरवेळी तीन-चार टेक होतात. एडिटिंगला बसल्यावर हे सगळे तुकडे एकमेकांना जोडायचे असतात. पहिल्या टेकला तुम्ही डाव्या हातात कंदील धरला आणि चौथ्याला उजव्या, तर त्यातला एक टेक वाया गेला, मग त्यात हिरोने कितीही चांगलं काम केलेलं असो. हे कुठल्याही फिल्मला लागू आहे. व्हॅम्पायरपटात अडचण अशी की तुमच्या अंगावरच्या गोष्टी रात्रभर बदलत राहतात. दात सैल होतो, रक्ताचा ओघळ खाली सरकतो, फिका मेकअप घामाने फाटतो. त्यामुळे निम्मं काम स्वतःचं रूप सांभाळण्याचं असतं.

होकार देण्याआधी फोनवर काही गोष्टी विचारून घ्या. कॉल टाइम (सेटवर पोहोचायची वेळ) काय, पॅकअप (शूटिंग संपणं) साधारण कधी, रात्रीचं जेवण आणि पहाटेचं खाणं आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, स्वच्छतागृह चालू आहे का, घरी सोडायची सोय कोण करणार. पॅकअप मध्यरात्री दोनला झाला आणि गाडी नसेल तर वाड्याच्या ओट्यावर पहाट होईपर्यंत बसावं लागतं. हौशी फिल्ममध्ये बहुधा जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण एवढंच मिळतं, आणि ते आधी ठरलं असेल तर त्यात वावगं काही नाही. मात्र कोणी नोंदणी फी किंवा पोर्टफोलिओसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. गर्दीत उभं राहण्यासाठी पैसे द्यायचे नसतात. संमतीपत्रावर सही करताना फुटेज कुठे वापरणार आणि श्रेयनामावलीत नाव येणार का, एवढं वाचाच. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांची सही लागते. वाडा खासगी असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी, संरक्षित किल्ला किंवा लेणी असतील तर पुरातत्त्व विभागाची. स्थानिक पोलिस ठाण्यात कळवलंय का हेही विचारा. रात्री दोन वाजता किंकाळ्या ऐकून शेजारचा माणूस १०० किंवा ११२ नंबर फिरवणारच.

आणखी एक प्रश्न एडीला, म्हणजे सहायक दिग्दर्शकाला, जरूर विचारा: आपल्या गोष्टीतल्या व्हॅम्पायरचे नियम काय आहेत? ते आरशात दिसतात का, उन्हात जळतात का, श्वास घेतात का, माणसांसारखे चालतात की सरपटतात? हे नियम ठरलेले नसतात, प्रत्येक फिल्म आपले ठरवते. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही गोष्ट पडद्यावर रुजली ती १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटामुळे. तुमच्या दिग्दर्शकाने काय धरलंय हे माहीत नसेल तर गर्दीतला एक जण झोंबीसारखा झोकांड्या खात चालतो, दुसरा मांजरासारखा दबकत येतो आणि फ्रेम हास्यास्पद होते. नक्की काही सांगितलं नसेल तर माझा सल्ला असा की स्थिर राहा. व्हॅम्पायरची भीती हालचालीत कमी आणि हालचाल न करण्यात जास्त असते. 'अ‍ॅक्शन' ऐकण्याच्या क्षणी दोनदा पापण्या मिटून घ्या आणि नंतर आठ-दहा सेकंद मिटू नका. आधी मिटून घेतल्याने डोळ्यांत पाणी लवकर येत नाही.

आता दातांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. बाजारात मिळणारी प्लास्टिकची अखंड दातपट्टी घालू नका. ओठ मिटत नाहीत, लाळ गळते आणि दहा फुटांवरूनही ती खोटी दिसते. चांगला उपाय म्हणजे वरच्या दोन सुळ्यांवर बसणाऱ्या दोन छोट्या टोप्या. थर्मोप्लास्टिकचे पांढरे मणी मिळतात. ते साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकले की मऊ होऊन पारदर्शक होतात. अर्ध्या वाटाण्याएवढा गोळा चमच्याने बाहेर काढा, दहा-पंधरा सेकंद निवू द्या, बोटाने तपासा आणि मगच सुळ्यावर दाबा. हिरडीच्या कडेपर्यंत आणा, हिरडीवर चढवू नका. खाली टोक काढताना खऱ्या दातापेक्षा तीन-चार मिलिमीटरच लांब ठेवा. त्याहून लांब झालं की खालच्या ओठाला टोचतं आणि 'स', 'श' उच्चारताना अडखळायला होतं. गोळा पुन्हा पांढरा होऊ लागला की तो दातावरच कडक होऊ देऊ नका. अर्धवट घट्ट असताना दोन-तीनदा काढा आणि परत घाला, मग शेवटी थंड पाण्यात टाका. हे केलं नाही तर तो दातांच्या फटीत अडकून बसतो आणि काढायला डेंटिस्ट लागतो. टोपी सैल वाटली तर मेडिकलमध्ये मिळणारी कवळी बसवायची क्रीम आत मुगाच्या दाण्याएवढी लावा. झटपट चिकटणारा गोंद किंवा नखांचा गोंद दाताला कधीही लावू नका. ब्रेसेस, कॅप, व्हीनिअर किंवा हलणारा दात असेल तर हा प्रकार करायचाच नाही. एडीला सांगा आणि तोंड मिटून उभं राहायची जागा मागा.

आणि शूटिंगच्या रात्री हमखास होणारी गोष्ट: दोन टेकच्या मध्ये स्पॉट दादा गरम चहा आणतात, दात न काढता घोट घेतला जातो आणि टोपी मऊ पडून टोक वाकडं होतं. चहाचं तापमान त्या मण्यांना मऊ करायला पुरेसं असतं. दात काढून झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा, डबीवर नाव लिहा, चहा प्या, चूळ भरा, मग दात घाला. दुसऱ्याचे दात घालायचे नाहीत. दिग्दर्शकाने गळ घातली तरी नाही.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल माझं मत ठाम आहे: गर्दीतल्या माणसाने त्या घालू नयेत. दहा-बारा फुटांपलीकडे डोळ्यांचा रंग कॅमेऱ्यात कळतही नाही आणि क्लोज असेल तर तो नंतर एडिटिंगमध्ये बदलता येतो. पूर्ण डोळा झाकणाऱ्या लेन्समध्ये कडेचं दिसत नाही, आणि अंधाऱ्या वाड्यात उंबरे आणि केबल असताना हे थेट पडण्याचं निमंत्रण आहे. तरीही घालायच्याच असतील तर नेत्रतज्ज्ञाकडून मापाने घेतलेल्या, फक्त स्वतःच्या, आणि लेन्सच्या द्रावणातच ठेवलेल्या. नळाचं किंवा बाटलीतलं पाणी लेन्सला लागता कामा नये. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे बुबुळाला होणारा संसर्ग दृष्टीवर बेततो. मेकअपच्या आधी लेन्स घालायच्या आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढायच्या. डोळा लाल झाला किंवा खुपू लागला की शॉट अर्धवट राहिला तरी चालेल, लेन्स काढा.

मेकअपमध्ये नवख्या टीमची चूक ठरलेली: सरळ पांढरा रंग. आपल्या त्वचेवर तो पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखा दिसतो. स्वतःच्या रंगापेक्षा एक-दोन छटा फिका, किंचित राखाडी झाक असलेला पॅनस्टिक (कांडीच्या रूपातला मेकअपचा बेस) पातळ लावला की रक्त उतरलेला चेहरा तयार होतो. सावळ्या रंगावर फिकेपणापेक्षा राखाडी झाकच जास्त परिणाम करते. डोळ्यांखाली काळा नको, जांभळट किंवा मरून हवा, कारण काळा रंग कॅमेऱ्यात काजळ पसरल्यासारखा येतो. ओठांचा लालसरपणा मारायला विसरू नका. मान, कान, कानामागची जागा आणि हातांचे पंजे राहून जातात, आणि गर्दीने हात पुढे केले की चेहरे फिके आणि हात तांबूस असं चित्र दिसतं. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून २४ तास वाट बघा. जखमेसाठी लिक्विड लेटेक्स वापरणार असतील तर त्याचीही अशीच चाचणी घ्या. रबरी हातमोजे किंवा फुग्याने अंगाला खाज येणाऱ्यांनी लेटेक्सला सरळ नकार द्यावा. लेटेक्स केसाळ जागी लावायचंच असेल तर आधी व्हॅसलिन, नाहीतर निघताना केस सोबत येतात. घाम आला तर पुसू नका, टिश्यू नुसता टेकवा आणि पावडर मागा.

चाव्याची खूण कुठे आणि किती अंतरावर हे बहुतेक लोक मनाने ठरवतात. दोन टिंबं सेंटिमीटरभर अंतरावर काढली की साप चावल्यासारखं वाटतं. प्रौढ माणसाच्या वरच्या सुळ्यांच्या टोकांमध्ये साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर अंतर असतं, तेवढंच खुणांमध्ये ठेवा. रंगवणाऱ्याच्या हातात पट्टी द्या. खूण काढून झाली की फोटो घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि हातांचा. फोटो मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या. सेल्फी अनेक फोनमध्ये आरशासारखी उलटी साठवली जाते. दुसऱ्या रात्री तीच बघून खूण परत काढली की डाव्या मानेचा चावा उजवीकडे जातो. हे फोटो कंटिन्युइटीसाठी, म्हणजे दर टेकला रूप सारखं ठेवण्यासाठी, आहेत. टीमने परवानगी देईपर्यंत ते स्टेटसला टाकू नका.

रक्त दोन प्रकारचं बनवून घ्या आणि दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवा: एक तोंडात जाणारं, एक फक्त कपड्यांवरचं. तोंडात जाणाऱ्यासाठी बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज एक वाटी, पाव वाटी कोमट पाणी, खाण्याचा लाल रंग दोन चहाचे चमचे, पारदर्शकपणा घालवायला एक-दीड चमचा कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको आधी थोड्या पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतात. कपड्यांवरच्या मिश्रणात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन चमचे घातले की डाग धुताना सुटायला मदत होते. म्हणूनच ही बाटली तोंडाजवळ न्यायची नाही आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहायचं. रंग कॅमेऱ्यासमोर, त्याच दिव्याखाली तपासा. लाइटवर निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलं असेल तर लाल रक्त काळं दिसतं, अशा वेळी कोको कमी करून रंग उजळ ठेवावा लागतो. पिवळ्या बल्बखाली तेच रक्त नारिंगीकडे झुकतं.

साखरेचं रक्त पूर्ण सुकत नाही. ते चिकटतं, हळूहळू खाली सरकत राहतं आणि मुंग्या बोलावतं. म्हणून टेकच्या शेवटी ओघळ कुठपर्यंत आला याचा फोटो घ्यायचा आणि पुढच्या टेकला तिथपर्यंत पुसून परत काढायचा. मधुमेह असेल तर तोंडात घेण्याच्या शॉटबद्दल आधीच सांगा आणि कोणीही ते गिळू नका. कपड्यांवर रक्त पडणार असेल तर एकाच मापाचे, एकाच रंगाचे निदान दोन शर्ट हवेत. एकच असेल तर रक्ताचा शॉट सगळ्यात शेवटी लावायला सांगा. स्वतःच्या आवडीचा कपडा या कामाला द्यायचा नाही.

एरवी कपडे नेताना तीन पर्याय न्या: मध्यम छटांचे, लोगो नसलेले. पांढराशुभ्र कपडा लाइटमध्ये नुसता चमकतो, त्याचे तपशील दिसत नाहीत, काळा रात्रीच्या फ्रेममध्ये नाहीसा होतो, बारीक चौकड्या कॅमेऱ्यात लहरतात, आणि लाल रंग रक्तासाठी मोकळा ठेवायचा असतो. बांगड्या, पैंजण, किल्ल्या, सुटे पैसे आणि सळसळणारं विंडचीटर आवाजाचा माणूस हमखास काढायला लावतो.

चाव्याचा प्रसंग चावणाऱ्यासोबत दिवसाउजेडी, मेकअपशिवाय बसवा. हात कुठे लागणार, किती वेळ, कोणत्या बाजूने, हे दोघांनी बोलून ठरवायचं, आणि तुम्हाला नको असलेला स्पर्श म्हणजे नको, त्याला कारण द्यावं लागत नाही. चावणाऱ्याने दात ओठांखाली दुमडून तोंड मानेच्या कडेला, कॅमेऱ्यापासून लपलेल्या बाजूला टेकवायचं. गळ्याच्या मधोमध दाब येता कामा नये. त्याचा एक हात तुमच्या डोक्यामागे आधाराला, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यात रक्तात भिजवलेला स्पंजचा तुकडा. तो मानेवर दाबला की ओघळ आपोआप उतरतो. खाली कोसळायचा वेग तुम्ही ठरवायचा, त्याने ढकलायचं नाही. थांबण्याचा इशाराही ठरवा. 'सोड', 'थांब', 'वाचवा' हे शब्द त्या प्रसंगात अभिनयच समजले जातात, म्हणून खरंच त्रास झाला तर मोठ्याने 'कट' म्हणायचं आणि समोरच्याच्या दंडावर दोनदा थापटायचं. लाकडी खुंटा छातीत ठोकायचा प्रसंग असेल तर खुंटा फोमचाच हवा. गावकऱ्यांच्या मशालींना बॅटरीचे दिवे पुरतात. विग, हेअरस्प्रे आणि सिंथेटिक कपडे घातलेल्या दहा जणांच्या हातात खरी आग देऊ नये.

मेल्यावरचं काम दिसतं तितकं सोपं नाही. पडतानाच छाती कॅमेऱ्यापासून थोडी वळवून पडा, श्वास पोटाने आणि उथळ घ्या. श्वास रोखून धरला तर सुटताना छाती जोरात हलते आणि तेच नेमकं दिसतं. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं फिरलेली कळतात, तेव्हा डोळे मिटून नजर नाकाच्या दिशेने खाली एकाच ठिकाणी धरून ठेवा. क्लोज असेल तर मानेची नाडी उडताना दिसते. टेकआधी दोन मिनिटं शांत पडून राहिलं की ती मंदावते. अंगाखाली फ्रेममध्ये न दिसणारी सतरंजी मागा. फरशी पहाटे गार पडते आणि थरथर लपवता येत नाही.

इथेच धुराचं सांगतो, कारण सर्वांत मोठा धोका प्रेताच्या भूमिकेतल्या माणसाला असतो. फॉग मशीनच्या धुराने दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो, त्यामुळे दमा असेल तर आधी सांगा आणि इनहेलर खिशात ठेवा. पण काही जण जमिनीलगत वाहणारं धुकं दिसावं म्हणून कोरडा बर्फ वापरतात. तो म्हणजे उणे ७८ अंशांचा घन कार्बन डायऑक्साइड. त्याचा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि बंद तळघरात जमिनीवर पडलेल्या माणसाच्या नाकातोंडाशी सगळ्यात आधी पोहोचतो. उभ्या असलेल्या क्रूला काहीच जाणवत नसताना खाली पडलेल्याचं डोकं दुखू लागतं, धाप लागते, गरगरतं. कोरडा बर्फ असेल तर दारं-खिडक्या उघड्या हव्यात, टेक छोटे हवेत, प्रत्येक कटनंतर तुम्ही उठून बाहेर जायला हवं. बंद खोलीत झोपायला सांगितलं तर नाही म्हणा. उघड्या हाताने तो उचलूही नका, कातडी भाजल्यासारखी सोलवटते.

गर्दीत चालण्याला सेटवर पासिंग म्हणतात. एडी तुम्हाला सुरुवातीची जागा, शेवटची जागा आणि क्यू, म्हणजे निघायचा इशारा, देईल. क्यू शब्दाला बांधा: हिरॉइन 'दार लाव' म्हणाली की मनात दोन मोजून डाव्या पायाने निघायचं, सातव्या पावलाला खांबाशी वळायचं. अशी मोजणी केली की दहाव्या टेकलाही तुम्ही त्याच क्षणी त्याच जागी असता. कॅमेऱ्याच्या लेन्सकडे पाहायचं नाही, आणि बोलणाऱ्या नटाच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, त्याचं लक्ष उडतं. अडखळलात तरी 'कट' येईपर्यंत चालत राहा. संवादाच्या टेकमध्ये गर्दी मुकी बोलते: ओठ हलतात, आवाज शून्य. खरी वाक्यं मनात म्हणत ओठ हलवा, नुसतं तोंड उघडझाप केलं की ते कळतं. पावलांचा आवाज येत असेल तर चपला काढा, फ्रेममध्ये पाय नसतील तर मोजे पुरतात. किंकाळ्या, कुजबुज आणि धावपळीचे आवाज नंतर कॅमेरा बंद ठेवून वेगळे रेकॉर्ड करतात, तेव्हा गळा मोकळा करा. रूम टोन (जागेचा नुसता शांततेचा आवाज) घेतो म्हटलं की तीस सेकंद ते मिनिटभर जागचं हलायचंही नाही.

आरशाचा प्रसंग असेल तर जास्त सावध राहा. व्हॅम्पायरचं प्रतिबिंब दिसू नये म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करून तोच शॉट दोनदा घेतात, एकदा व्हॅम्पायरसह आणि एकदा त्याच्याशिवाय, आणि नंतर आरशापुरता दुसऱ्यातला भाग पहिल्यावर बसवतात. हे जमायचं तर गर्दीतल्या कोणीही आरशाच्या चौकटीसमोरून जाता कामा नये, नाहीतर हात किंवा खांदा मध्येच कापला जातो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर टेप लावून घ्या आणि आतली जागा सोडा. या दोन टेकच्या मध्ये ट्रायपॉडला कोणाचा धक्का लागला तर सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं.

दहाच माणसांची गर्दी तीसची दिसावी लागते, तेव्हा एका ओळीत उभे राहू नका. दोघं-तिघं लेन्सजवळ आउट ऑफ फोकस, बाकीचे मागे कमी-जास्त अंतरावर. जॅकेट किंवा उपरणं बदलून तोच माणूस परत पासिंग देऊ शकतो, पण उलट दिशेने आणि लेन्सपासून लांबून.

रात्रीसाठी दुपारी निदान चार तास झोप काढा. जेवण हलकं, पाणी भरपूर. डासांचं क्रीम पायांना आणि झाकलेल्या भागाला लावा, चेहऱ्याला लावलं तर वर मेकअप टिकत नाही. जास्तीचे मोजे, शाल, बॅटरी, पॉवर बँक आणि स्वतःची नेहमीची औषधं पिशवीत असू द्या. सूर्योदयाचा शॉट शेवटी असतो आणि तो मिळायला दहा-पंधरा मिनिटंच असतात, म्हणून पहाटे चारच्या सुमारास झोप उडवा, पण तोंड न धुता, फक्त डोळ्यांवर ओला रुमाल टेकवून.

पॅकअपनंतर आधी लेन्स, मग दात, मग मेकअप. खोबरेल तेल चेहऱ्यावर चोळून टिश्यूने पुसा, त्यानंतरच फेसवॉश. लेटेक्स तेलाने कडेने सोडवा, ओढू नका. स्पिरिट गमने (त्वचेवर लावायच्या मेकअपच्या गोंदाने) दाढी-मिशी लावली असेल तर त्याचा रिमूव्हर मागून घ्या. बोटांवर आणि मानेवर राहिलेल्या लाल डागाला शेव्हिंग फोम दोन मिनिटं लावून ठेवला की बराचसा निघतो, उरलेला एक-दोन आंघोळींत जातो. शर्ट आधी थंड पाण्यात खळबळून काढा, रंग पाण्यात उतरायचा थांबला की साबण लावा. गरम पाणी किंवा इस्त्री मधेच केली तर गुलाबी डाग कायमचा बसतो. निघण्यापूर्वी एडीला तुमच्या नावाचं स्पेलिंग श्रेयनामावलीसाठी लिहून द्या.